न्हाणीघराचं दुसरं दार

लग्न होऊन मी आष्टीहून हिंगणघाटला आले ती थेट साहेबाच्या बंगल्यात. गिरणीचा इंग्रज मॅनेजर विलायतेला परतला आणि मालकांनी बंगला माझ्या सासऱ्यांना राहायला दिला. अट एकच: साहेबानं बांधला तसाच ठेवायचा, भिंतीत खिळासुद्धा ठोकायचा नाही. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती, पण मालकांच्या डोक्यातून साहेब काही गेला नव्हता. माहेरी साऱ्यांना त्या बंगल्याचं कोण कौतुक! मला मात्र पहिल्या दिवसापासून त्याचा राग आला.

मधोमध मोठा हॉल आणि साऱ्या खोल्यांची दारं त्यातच उघडणारी. खिडक्या पार छताजवळ, दोरी ओढून उघडायच्या. उजेड यायचा, माणूस दिसायचं नाही. सासूबाईंच्या खोलीत भिंतीत शेकोटी होती. हिंगणघाटच्या उन्हात शेकोटी! त्यांना तो कोनाडा देवघरच वाटला. देव तिथं मांडले, आणि पहिल्याच वावटळीत धुराड्यातली सगळी काजळी देवांच्या डोक्यावर. हसू दाबता दाबता माझी पुरेवाट झाली.

सकाळी हॉलमध्ये सासऱ्यांची बैठक बसे. परक्या पुरुषांसमोरून सुनेनं जायचं नाही, म्हणून ती उठेपर्यंत मी खोलीत कोंडलेली. खोलीला लागून न्हाणीघर होतं आणि त्याला बाहेर उघडणारं एक दार. साहेबाच्या काळी मैला नेणारा तिथून ये-जा करी. सासूबाईंनी ते विटाळाचं ठरवून आतून कडी घातली होती. त्या कडीला हात लावायची माझी छाती होत नसे.

एका सकाळी वरच्या खिडकीतून, बाहेर पायऱ्यांशी उभ्या माझ्या वडिलांचा आवाज आला.

"पोरीले पाहाले आलतो जी. आष्टीची मोटर सुटून राह्यली."

"बैठक उठू द्या," सासरे म्हणाले.

"राहू द्या मंग. खुशाल हाये ना?"

चपला फाटकाकडे निघाल्या. वर्षभरात माहेरचं कुणी आलं नव्हतं. मी कडी काढली आणि पळत सुटले.

मी कुठून आले ते वडिलांनी पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. "त्या दारानं काऊन आली वं बाई?"

"मले दुसरं दारच नाई, बाबा."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मोटार निघून गेली तरी आम्ही बोलत उभे होतो.

परतले तेव्हा सासूबाई घागर घेऊन वाट अडवून उभ्या. लुगड्यासकट डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय आत घेईनात. मी गपचूप भिजले, पदर पिळला आणि म्हणाले, "उद्याची घागर बी भरून ठेवजा जी."