मनकर्णाबाईची गाठ

आमच्या सासूबाई, मनकर्णाबाई, शेलूबाजारला चहाची टपरी चालवतात. पण बाजाराच्या दिवशी चहा राहिला बाजूला! खेड्यांतली माणसं जीपमधून उतरली की थैल्या त्यांच्या बाकाखाली ढकलतात आणि मोकळ्या हातानं हिंडतात. चिठ्ठी नाही, बिल्ला नाही. सासूबाई थैलीच्या बंदाला गाठ मारतात, ती त्यांनीच सोडायची. शेवटची गाठ सुटेपर्यंत बाई जागची हलत नाही. सख्ख्या भावाची वरात समोरून गेली, तेव्हा ही बाई किन्हीराजा गावच्या कोणाचा तरी लसूण राखत बसली होती.

स्वतःची थैली मात्र त्या कोणाला देत नाहीत. आत पानाचा डबा, चष्मा आणि रुमाल. पण मी सून होऊन सहा वर्षं झाली, कधी हात लावू दिला नाही. खोटं कशाला बोलू, मला त्याचा राग होता.

त्यांना हौस एकच, समुद्र पाहायची. गेल्या हिवाळ्यात बचत गटाची सहल कोकणात निघाली, तर अर्ध्या बाजाराला सांगून आल्या, "पाय बुडवल्याबिगर वापस येत नाई!"

गाडी वाटेत बिघडली आणि समुद्राच्या गावी पोचायला रात्र झाली. दुसऱ्या दिवशी सकाळ देवदर्शनात गेली. बाराला खोल्या सोडायच्या, चारला गाडी परत निघणार. किनाऱ्याजवळच्या एका दुकानावर पाटी होती, 'सामान ठेवण्याची सोय'. मालकानं आमच्या बॅगा आत घेतल्या, कुलूप लावलं आणि म्हणाला, "जेवून जरा पडतो. तीनला येईन."

सासूबाईंचे डोळेच पांढरे झाले. "लोकायच्या थैल्या ठिवल्या अन् तू झोपाले चालला? काहून रे?"

त्याला ते 'तू' झोंबलं. किल्ली खिशात टाकून तो चालता झाला. आणि आमची बाई त्याच्या पायरीवर फतकल मारून बसली! बाकीच्या बाया पाण्याकडे पळाल्या. लाटांचा आवाज पायरीपर्यंत येत होता.

"आई, कुलूप आहे ना," मी म्हटलं.

"कुलपाले डोये असतात काय वं?"

पुढे तर कहरच झाला. पाटी वाचून लोक यायला लागले. सासूबाई म्हणायच्या, "ठेव इथंच. गाव कोनतं तुयं?" आणि बंदाला गाठ! तीन वाजता मालक डोळे चोळत आला, तेव्हा त्याच्या ओट्यावर नऊ बॅगा. तो हसून म्हणाला, "आता मी आहे, मावशी. जा तुम्ही."

"माह्या गाठी हायेत त्या. मीच सोडीन."

आठ बॅगांचे धनी आले. नववी लाल, चाकांची, पुण्याच्या एका जोडप्याची. साडेतीन झाले, पावणेचार व्हायला आले, त्यांचा पत्ता नाही. माझा जीव खालीवर. एवढी सहाशे किलोमीटर आलेली बाई दोनशे पावलांवरून कोरडी परत जाणार?

"मी बसते इथं, तुम्ही जा."

"तुयं काम नाई ते."

मग माझं डोकंच फिरलं. "नाही ना माझं काम? मग घ्या ती बॅग डोक्यावर अन् चला!"

मी रागानं बोलले होते. बाईनं खरंच पदराची चुंबळ केली, लाल बॅग डोक्यावर ठेवली आणि वाळूत निघाली. चाकं वर, हॅन्डल मागे. किनाऱ्यावरची माणसं समुद्र सोडून आमच्याकडे पाहायला लागली. गुडघाभर पाण्यात फोटो काढणारी एक पोरगी किंचाळली, "अहो, आपली बॅग!"

सासूबाईंनी बॅग उतरवली. "गाव?"

"पुणे," ती घाबरून म्हणाली.

गाठ सुटली. वरती आमच्या ड्रायव्हरचा भोंगा सुरू झाला होता. सासूबाईंनी समुद्राकडे पाहिलं, लुगडं वर खोचलं. मग खांद्यावरची थैली काढली, तिच्या बंदाला गाठ मारली आणि माझ्या हातात दिली.

"मंजुषा, धर. मी येतो. हालजो नोको."

त्या पाण्यात शिरल्या. लाट आली तशा लहान पोरीसारख्या ओरडल्या, "अव माय वं!" भोंगा वाजतच होता, बाया मला हाका मारत होत्या. माझे डोळे भरून आले, पण पुसायलासुद्धा मी हात हलवला नाही.