मेट्रनबाईंचा जिना

प्रवेशासाठी आलेल्यांना मेट्रनबाई खुर्ची देत नसत, स्ट्रेचर देत. "आधी झोप. बोलणं नंतर." निवृत्तीनंतर त्यांनी सदाशिव पेठेत, तिसऱ्या मजल्यावरच्या राहत्या घरातच रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्यांसाठी वर्ग काढला होता. लिफ्ट नव्हती. "पेशंटच्या घरी तरी कुठे असते?" असं त्या विचारत.

मी यवतमाळची. तेव्हा हडपसरला नव्या कंपन्या उभ्या राहत होत्या. दादा तिथल्या कॉल सेंटरात लागला होता आणि मी त्याच्या खोलीवर येऊन राहिले होते. बाबांनी वर्षाची मुदत दिली होती; तोवर नोकरी नाही लागली तर परत यायचं आणि लग्न करायचं. बाईंकडे दोन कोर्स होते, सहा महिन्यांचा आणि दोन वर्षांचा. दादाचं उत्तर तयार होतं, "सहा महिन्यांत जॉब. सिंपल आहे." मलाही तसंच वाटत होतं.

बाईंनी मला पट्ट्यांनी बांधलं आणि आधी सहा महिन्यांच्या तुकडीला जिना उतरायला लावला. मुलं चपळ होती. पण पहिल्याच वळणावर बाई पेशंटच्या आईचं सोंग घेऊन आडव्या आल्या. "पाय पुढे करून काय नेताय? जिवंत आहे ती." मुलं गडबडली, त्यांनी स्ट्रेचर फिरवलं. माझं डोकं खाली गेलं आणि मी देवाचा धावा सुरू केला.

मग दोन वर्षांवाली तुकडी. वळण तेच, बाईंचं सोंगही तेच. पुढची मुलगी थांबली. "काकू, डोकं वर राहायला हवं, म्हणून पाय पुढे. तुम्ही हिचा हात धरा आणि आमच्याबरोबर उतरा." बाईंनी मुकाट्याने माझा हात धरला. पुण्यात आल्यापासून मला इतकं निर्धास्त वाटलं नव्हतं.

वर आल्यावर बाई म्हणाल्या, "छोटा कोर्स वाईट नाही. ही मुलं वॉर्डात वर्षं काढून आलीत, जिनाही शिकतील. तुला काय येतं?"

"काहीच नाही."

"मग घाई कसली?"

मी मुदतीचं सांगितलं. बाईंनी तिथूनच बाबांना फोन लावला. "अहो, मुलगी पळून गेलेली नाही, शिकतेय. लग्न काही नासत नाही." बाबांशी त्या सुरात कुणी बोललेलं मी प्रथमच ऐकलं. बाबांनी दोन वर्षं दिली.

काही वर्षांनी माझ्याच गाडीला त्या घरून बोलावणं आलं. बाईंच्या छातीत दुखत होतं. त्या दुखण्यातून त्या उठल्या, हे आधीच सांगते. जिन्याच्या वळणावर त्यांचा भाचा आडवा आला, "मावशीला पाय पुढे करून नका नेऊ, प्लीज." मी त्याला कारण सांगितलं, बाईंचा हात त्याच्या हातात दिला आणि आम्ही उतरू लागलो. तेवढ्यात बाईंनी डोळे मिटले.

"बाई?" मी हाक मारली.

ऑक्सिजनच्या मास्कआडून त्या म्हणाल्या, "जागी आहे. आता मी लक्ष द्यायची गरज दिसत नाही."

बाईंनी माझी स्तुती केली ती एवढीच, आणि मला ती आजवर पुरली आहे.