बव्हेरियाचा शंकरपाळा

थांबा, हे आत्ताच सांगतो, हात अजून चुरचुरतायत!

मी माजी लान्स नाईक. फौज सोडून कुवेतला आलो, जलीबच्या लेबर कॅम्पात स्टोअरकीपर झालो. हे साल १९७९. आमच्या खोलीत मी धरून सहा कोकणी, समोर सहा बीडकडचे फिटर. सुकटीच्या वासावरून बोलणं बंद. स्वयंपाक दोन्हीकडे खाटांमधे, स्टोव्हवर.

एक खोली रिकामी झाली. फोरमन म्हणाला, शुक्रवारी वेल्डरांना रस्सीखेचीत हरवा, किचन तुमचं. टीम आठांची, आम्ही सहाच.

मी समोर गेलो. बाबूराव, त्यांचा दांडगा गडी, म्हणाला, "सुकटवाल्यांमागं उभं राहू व्हय? जमायचं न्हाई."

तेव्हा हवालदार कदम आठवले. ७१चा डिसेंबर. बंकरमध्ये ते फौजेतल्या माझ्या परीक्षेसाठी इतिहास शिकवायचे. घरून आलेले शंकरपाळे मांडून जर्मनी दाखवली.

"हा बव्हेरिया. प्रशियाच्या मुख्यमंत्र्याशी लढला, हरला. त्यानं याला नाक घासायला लावलं?"

"माहीत नाही, उस्ताद."

"नाही! गुपचूप तह केला. पुढं फ्रान्सशी जुंपली, तेव्हा बव्हेरिया त्याच्याच बाजूनं लढला. झाली जर्मनी एक. खा आता."

मग मी गुरुवारी संध्याकाळी पाचला चॅलेंज दिलं. सहा विरुद्ध सहा. आम्ही हरलो तर सुकट बंद! लगेच आले की. मी बटालियनचा अँकर, रस्सीच्या शेवटी पाय रोवणारा. दीड मिनिटात ओढले.

आमचा भिकू नाचत सुटला. "चला, यांच्या दारात शिमगा करू!"

"रस्सी खाली. शिट्टीसुद्धा नाही." मी बाबूरावला हात देऊन उठवलं. "उद्या अँकर तुम्ही. कॅप्टनही तुम्हीच."

"मेल्या, जिंकलो आपण ना?" भिकू ओरडला.

बाबूराव धूळ झटकत राहिला. "अन् सुकट?"

"तुम्ही सांगाल त्या दिवशी."

"शुक्रवारी भाजा. खिडकी उघडून."

तह झाला!

काल दुपारी चारला मॅच. पहिली ओढ हरलो, दुसरी जिंकलो. तिसरीत आम्ही हातभर त्यांच्याकडं सरकलो. मागून बाबूराव, "कोकण, बसा खाली!" पुढून भिकू, "बाबूराव, सोडू नका!" आणि वेल्डर आले की धडपडत आमच्या बाजूला!

रात्री नव्या किचनात भाकरी आणि सुकट. दारावर मी टीमची यादी लावली. वर लिहिलं, कोच: हव. कदम.

"हे कदम कोणत्या खोलीतले?" बाबूरावनं विचारलं.

"बव्हेरिया शिकवला, त्याच्या तिसऱ्या दिवशी शेलिंगमध्ये गेले."

बाबूराव ताटांकडं वळला. एक ताट जास्तीचं वाढलं.

तुम्हाला शिकवून गेलेलं कुणी असं वर्षांनी, भलत्याच मुलखात कामी आलंय का हो? सांगा ना!