बोळातली गरम हवा

मार्च लागला की आमच्या लातुरात तो एसीवाला दिसेल त्या गच्चीवर असतो. एका जागी उभं राहणं त्याला जमत नाही. हातात पान्हा, कान आणि खांद्यात दाबलेला फोन, आणि तोंड कायम अमेरिकेवर सुटलेलं.

"हवामानाचे करार करती अन् मोडती. धूर त्यांचा, भाजून निघायलो आपन!" असं म्हणत त्यानं माझ्या जुन्या एसीचा नट सैल केला. आतला गॅस फुस्स करून आभाळात गेला.

"हा असा सोडायचा नसतो ना?"

"येवढ्यानं काय होतंय, सायेब?"

पाइप कमी लागावा म्हणून नव्या एसीचं आउटडोर, म्हणजे गरम हवा फेकणारा बाहेरचा डबा, त्यानं गच्चीऐवजी बोळाच्या भिंतीवर ठोकलं, थेट शेजारच्या वहिनींच्या खिडकीसमोर.

"अहो, त्यांना गरम हवा लागेल की."

"कुनाला तरी लागनारच. तुमाला गार पायजे का न्हाई?"

पाहिजे होतं. मी पैसे मोजून दिले.

वहिनींनी महिनाभर खिडकी लावून घेतली, मग त्यालाच बोलावलं. काल त्यांचंही आउटडोर बसलं, तोंड माझ्या खिडकीकडे. मी तणतणत खाली गेलो. दोन्हीकडच्या झोतांत तो घामानं निथळत उभा होता. फोनवर चालूच होतं, "चीन बी काय कमी न्हाई!"

मला पाहून म्हणाला, "तुमी बी खिडकी लावून घ्या की."

मी वर येऊन खिडकी लावली. काचेतून दिसलं, जिथं आमची दोघांची गरम हवा जाते, त्या बोळाच्या तोंडाशी राहणारे काका त्याला हाक मारत होते.

"हाव, यायलो," तो म्हणाला.