मागची सीट

लालबागच्या त्या चाळीत मोटरसायकलने गावी जायचं ठरलं की पोरं आधी गंगाधरकडे यायची. छापखान्यातून सुटून आला की हा गडी गॅलरीत खुर्ची टाकून सल्ले वाटायला मोकळा. "हँडल आवळून धरू नको रे, खांदे जातात. तहान लागायच्या आधी पाणी पी. आणि आतापासून रोज बैठका मार, तरच कंबर टिकेल." सल्ले काही खोटे नव्हते. दर गणपतीला तो कुडाळपर्यंत गाडी हाकायचा आणि उतरल्या उतरल्या आरतीला उभा राहायचा. सगळा गाव तोंडात बोट घालायचा.

मागे बायको बसलेली असायची, कौसल्या. साडी नेसून एका अंगावर, मांडीवर सामानाची पिशवी. तिची कंबर कशी टिकते, हे कोणी विचारलं नाही. गंगाधर वाटेत मान न वळवता ओरडायचा, "बरी आहेस ना गो?" ती खांद्यावर थाप मारायची. झाली चौकशी!

गेल्या वर्षी त्याने चिंचपोकळीला सीट नव्याने बांधून घेतली. जाड स्पंज, आपल्या कमरेला मागून टेकू, थाट नुसता. "मागे जागा कमी पडेल," कारागीर म्हणाला होता. "आमची मंडळी बारीक आहे, भागेल," म्हणून हा हसला.

त्या गणपतीत गावी पोचल्यावर कौसल्या गाडीवरून उतरली ती अंगणातच कोसळली. पायाला मुंग्या आल्या असतील म्हणून सगळे हसले. विसर्जन झालं, आणि हा शहाणा तिला त्याच गाडीवरून मुंबईला घेऊन आला. त्याचा राग येतो तो इथे.

परळच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी फोटो बघून सांगितलं, "कमरेत शीर दबलीय, बऱ्याच दिवसांपासून. ऑपरेशन करू, पण पाय पूर्वीसारखा होईलच असं नाही."

गंगाधरच्या तोंडचं पाणी पळालं. "बोलायचं नाही का गो? थांबलो असतो ना!"

"बोलले होते की. कशेडीला," कौसल्या म्हणाली. "तुम्ही म्हणालात, घाट उतरून थांबू."

त्याला आठवेना. घाट उतरून आपण थांबलो नव्हतो, एवढं मात्र आठवलं.

ऑपरेशन झालं. तिला डोळे मिटायला सांगून रोज पायाचा अंगठा दाबून बघा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. जाणीव परतली तरच ती चालणार होती. गंगाधर रोज दाबायचा, रोज विचारायचा. ती म्हणायची, थोडं कळतंय. तेवढ्यावर त्याला जेवण जायचं.

त्या दिवशीही तिने डोळे मिटले. तो वाकला, पायावरची चादर बाजूला करता करता त्याने सवयीने विचारलं.

"कळतंय का गो?"

"हो," ती लगेच म्हणाली. "आज बरंच कळतंय."

गंगाधरचं बोट अजून तिच्या पायाला लागलंच नव्हतं.