मालकानं दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं

पापड लाटताना पंखा लावता येत नाही. लाट्या कोरड्या पडतात, पापड कडेनं चिरतो, आणि पातळ लाटला असेल तर उडून थेट कपाटाखाली जातो. मे महिन्यातल्या अकोल्यात पंखा बंद, कूलर बंद, खिडक्यांवर ओल्या चादरी, आणि आत आठ-दहा बायका मांडीला मांडी लावून. ही शिक्षा आम्ही दरवर्षी हौसेनं भोगतो. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी, पाळीपाळीनं. एकदा सगळ्या तुझ्या घरी येऊन लाटून गेल्या की तुला सगळ्यांकडे जावंच लागतं, मधून सुटका नाही. एकीला ताप होता तरी ती पोळपाट घेऊन आली आणि भिंतीला टेकून लाट्या करत बसली.

त्या वर्षी माझं डोकं पापडात नव्हतं. मला नोकरीचा आदेश आला होता. औषधनिर्माती, सरकारी, कायमची. शेंदूरजनाघाटच्या पलीकडे एका आरोग्य केंद्रात. लग्नाआधी फार्मसीचा डिप्लोमा केला होता, त्यानंतर सहा वर्षं त्या कागदाचा उपयोग एवढाच झाला की घरातल्या गोळ्या कोणत्या जेवणाआधी आणि कोणत्या नंतर, हे मला विचारत. परीक्षा दिली तीही वलगावला माहेरी गेले असताना, अमरावतीच्या केंद्रावर, फारशी कोणाला न सांगता. आणि लागलं की हो नाव यादीत! रुजू व्हायला पंधरा दिवस दिले होते. त्यातले अकरा गेले होते.

अकोल्याहून रोज जाऊन-येऊन करण्यासारखं ते गाव नाही. तिथं खोली घेऊन राहावं लागणार होतं, पोरीला सोबत न्यायचं किंवा इथं ठेवायचं. नवरा बियाण्याच्या दुकानात कामाला. त्याला सांगितलं तेव्हा तो खूश झाला, खरंच झाला, मोबाइलवर ते गाव शोधून संत्र्याच्या बागांचे फोटोही दाखवले मला. मग म्हणाला, "पण आईले इचारून घे बापा." मी म्हटलं, तुम्ही विचारा. तो म्हणाला, "बाई माणसाची गोष्ट बाई माणसानं बोलावं." अकरा दिवस आम्ही दोघं हाच चेंडू इकडून तिकडे टोलवत होतो. मला रागही येत होता त्याचा आणि मीही काही वेगळं करत नव्हते.

सासूबाईंना मी विचारलं नाही, कारण त्या आपणहून विचारतील याची मी वाट बघत होते. मागणं मला जमत नाही. आमच्या वलगावच्या घरात मागून घेणारी पोर म्हणजे वाया गेलेली पोर. कोणाकडे गेलं आणि चहा विचारला तर आधी "नको" म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की "कशाला त्रास." तिसऱ्यांदा विचारलं की कप उचलायचा. आमची बार्शीटाकळीची एक आत्या आहे. तिला एका घरी एकदाच चहा विचारला, ती "नको" म्हणाली आणि त्यांनी खरंच केला नाही. त्या घराचं नाव काढलं की ती आजही तोंड फिरवते. "एकडाव इचारलं अन् उठून गेली वं," म्हणते, "भूत आहे का माणूस!"

सासूबाई नेमक्या त्या जातीच्या. एकदाच विचारणाऱ्या. लग्न होऊन आले त्या आठवड्यात मी उपाशी उठत होते. त्या विचारायच्या, "अजून भाकर?" मी म्हणायची, "नको." भाकर परत टोपल्यात. मी ताटाकडे बघत बसायची, त्या माझ्याकडे बघून म्हणायच्या, "पोट बारीक आहे वं तुयं." त्यांच्या मनात पाप नव्हतं. तोंडात येईल तो शब्द त्यांच्यासाठी खरा, बस. सहा वर्षांत मला हे कळलं नव्हतं असं मुळीच नाही.

तर त्या दिवशी पापड कोपऱ्यावरच्या काकूंकडे होते. काकू म्हणजे आमच्या गल्लीचं कोर्ट, शेवटचा निकाल त्यांचा. दुपारी दोन वाजता त्यांच्या टीव्हीवर तलवारवाली मालिका लागायची, हिंदीत डब केलेली. जुन्या काळातला रोम, मोठं गोल मैदान, त्यात गुलामांना एकमेकांशी लढवायचे आणि वर बसून लोक मजा बघायचे. गल्लीतल्या निम्म्या बायकांना त्यातलं अर्धं कळत नव्हतं, पण हिरो सगळ्यांना पाठ होता. त्याच्या कमरेला लाल कापड असायचं म्हणून त्याचं नाव लाल चिंधीवाला. पहिल्या दिवशी सासूबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या होत्या, "अंगात गंजी त घाल रे बाबू." आता पदरही लावत नव्हत्या आणि त्याच्या अंगावर वार झाला की लाटणंच उगारत होत्या.

त्या भागात लाल चिंधीवाला तिघांना पुरून उरला. मैदानातले लोक उभे राहून ओरडू लागले, सोडा याला, सोडा. मग त्याचा टकला मालक खाली उतरला. त्याच्या हातात लाकडाची तलवार होती. ती ज्याला मिळते तो गुलाम सुटला, असा त्यांच्यात रिवाज, हे काकूंच्या सुनेनं आम्हाला समजावून सांगितलं. मालकानं सगळ्यांसमोर विचारलं, "बोल, आज़ादी चाहिए?"

आमच्या खोलीत एकही लाटणं हलत नव्हतं. घाम नाकावरून पोळपाटावर पडेल म्हणून मी मान मागे घेतली होती. "हो म्हण," कोणीतरी पुटपुटलं. "म्हण ना रे बापा."

लाल चिंधीवाला गुडघ्यावर बसला. खाली बघून म्हणाला, "मालिक, आपका घर ही मेरा घर है।" मालक हसला, त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि लाकडाची तलवार नोकराच्या हातात परत दिली. धाडकन संगीत वाजलं आणि सिमेंटची जाहिरात सुरू झाली.

मग जो गोंधळ झाला! "भैताड आहे हा, निरा भैताड!" "तीन माणसं लोळवली तवा भेला नाई, अन् हो म्हणायले जीभ लुळी पडली!" एक जण तर रडायलाच आली. तिचं म्हणणं, त्याची बायको दुसऱ्या गावात वाट बघत होती, तिचं काय आता?

काकूंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "त्याचं काय चुकलं? चारचौघात पहिल्या झटक्यात कोणी हो म्हणते काय? त्यानं मान राखला. मालकाचं काम होतं, अजून एकडाव इचारावं. लाज नाई त्या टकल्याले."

निम्म्या बायकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मनातल्या मनात तर मी टाळ्याच वाजवल्या.

"कायले?" सासूबाई म्हणाल्या. "मालकानं काय पाया पडावं त्याच्या? इचारलं, संपलं. ज्याले पाह्यजे त्यानं तोंड उघडावं. मनात एक अन् तोंडात एक, असे माणसं मले नाई समजत."

वाद चांगलाच पेटला. काकू हरायला तयार नव्हत्या. आणि वादात हरू लागलेला माणूस दुसरं काहीतरी उकरून काढतो. त्या सासूबाईंना म्हणाल्या, "तुमी एवढ्या मोकळ्या मनाच्या, त सुनेले काहून नाई पाठवून राहिल्या? नोकरी लागली म्हणतात तिले. सरकारी."

नवरा दुकानात बोलला असणार, दुकानातून काकूंच्या मुलाला कळलं असणार. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना काहीच माहीत नव्हतं हे त्यांच्या चेहऱ्यावर सगळ्यांना दिसलं. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

पण त्या चिडल्या नाहीत. लाटणं बाजूला ठेवलं, हाताचं तेल पदराला पुसलं आणि पूर्ण माझ्याकडे वळून बसल्या. "खरं आहे काय वं?"

मी मान डोलावली.

"मंग? जायचं आहे काय तुले? जायचं अशीन त जाय. पोरगी ने संगं, नाई त राहू दे, मी पाहीन तिले. सांग, या सगळ्याइच्या समोर सांग."

देवाशपथ सांगते, "हो" हा शब्द माझ्या दातांपर्यंत आला होता. सहा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला सरळ विचारलं होतं. आणि मी काय म्हटलं? खाली बघून, गोड आवाजात म्हटलं, "नाई हो आई. तुमाले सोडून कुठं जाऊ मी."

आणि थांबले. आता त्या म्हणतील, अवं, असं काहून करतं, जाय ना. मग मी म्हणेन, तुमचे गुडघे दुखतात. मग त्या म्हणतील, दुखू दे. मग मी हो म्हणेन. माझं सगळं ठरलेलं होतं.

सासूबाई "बरं," म्हणाल्या आणि लाटणं उचललं.

"गुणाची आहे बाई," एक जण म्हणाली. "आजकालच्या पोरी कुठं असं करतात." "नशीब लागते अशी सून भेटाले." मी काकूंकडे बघितलं. अहो काकू, तुम्ही तरी म्हणा ना, अजून एकदा विचारा म्हणून! त्या गुलामासाठी भांडल्या तशा माझ्यासाठी भांडा! काकू तेलात बुडवलेली कच्ची लाटी खात होत्या आणि कौतुकानं मान हलवत होत्या. लाल चिंधीवाल्यासाठी रडलेली बाईसुद्धा माझ्याकडे बघून हसली. माझा त्यानंतर एकही पापड गोल झाला नाही.

सहा वाजता आम्ही दोघी घरी निघालो. रस्ता अजून भट्टीसारखा तापलेला होता. सासूबाई गुडघा धरून हळूहळू चालत होत्या, मी दोन्ही पोळपाट काखेत घेतले होते. आमचं फाटक आलं. आत गेलो की पोरगी येईल, नवरा येईल, स्वयंपाक लागेल, आणि मग मी कधीच बोलणार नाही हे मला कळत होतं. आयुष्यात कधी मागितलं नव्हतं, तेव्हा मागितलं.

"आई, अजून एकडाव इचारा ना मले."

त्या फाटकाला धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं ऐकू गेलं नसेल. मग त्यांचा आवाज आला तो इतका बारीक, की त्यांचा वाटेना.

"आता कशी इचारू वं? दहा बायकाइच्या समोर तू म्हणली, तुमाले सोडून नाई जात. आता उद्या तू गेली त लोक काय म्हणतीन? सासूनं राहू नाई दिली, हाकलली घरातून. उभ्या गल्लीत मले तोंड दाखवता येईन काय?"

त्यांच्या डोळ्यात पाणी होतं आणि त्याचा त्यांना राग आला होता.

"म्या मनापासून इचारलं होतं," त्या म्हणाल्या. "पाठवाचंच होतं मले तुले."