अधिक-उणे

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या आमच्या मराठी मंडळात एका प्राध्यापकांना सगळे पाठीमागे 'अधिक-उणे' म्हणायचे. जेवायला कधी येताय विचारलं, तर उत्तर यायचं, "सातला, वहिनी. अधिक-उणे वीस मिनिटं."

युनिव्हर्सिटीत ते फार जुने भूकंप शोधायचे. जमिनीच्या भेगेवर आडवा चर खणायचा आणि तुटलेल्या थरांवरून मोठा भूकंप किती शतकांनी परत येतो ते ठरवायचं. केकचा तुकडासुद्धा डोळ्यांसमोर धरून थर निरखल्याशिवाय तोंडात घालायचे नाहीत.

२००६च्या गणपतीत त्यांना मोदक वाढताना मी सांगितलं, की आमची लेक शाळेनंतरच्या, कॉलेजआधीच्या गॅप इयरला हिमालयाच्या पायथ्याशी शिकवायला चालली आहे. गावाचं नाव ऐकून ते म्हणाले, "तिथे खणलंय मी."

"मग छानच! तिथे म्हणे कित्येक पिढ्यांत भूकंप नाही. शांत जागा."

त्यांचा हात थांबला. "दर मोठ्या भूकंपाआधी तिथे एवढीच शांतता होती, वहिनी."

मी विचारलं, "यंदाच थोडाच होणारेय?"

"यंदा. अधिक-उणे शंभर वर्षं."

ताट ठेवून ते लेकीकडे गेले. भर हॉलमध्ये, रेशमी कुर्त्यानिशी, प्रसादाच्या टेबलाखाली शिरले. एका हाताने डोकं झाकलं, दुसऱ्याने टेबलाचा पाय घट्ट धरला. सगळे हसले. लेक तर पोट धरून हसत होती.

ते बाहेर आले, गुडघे झटकले आणि तिला म्हणाले, "आता तू."